रेडिओ नसलेली इंपाला

दुकानाच्या काउंटरवर यापुढे सौदी माणूसच बसणार, असा हुकूम निघाला आणि रियाधमध्ये गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या जलालच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानातला जोडीदार यूनुस नोकरी जाऊन गावी परतलाच होता, आता पाळी याची. इकडे लेक मेहेकची दहावी. पोरीची शाळा सोडवून रत्नागिरीला जायचं आणि करायचं काय, लोकांचे आंबे राखायचे?

त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा तो मालक, अबू फहद मात्र दिलदार गडी. "माझी इंपाला प्रदर्शनासाठी चकाचक कर," तो म्हणाला, "वर्कशॉपमध्ये दुसऱ्या कामावर तुझा इकामा, राहायचा परवाना, लावून देतो."

जलालनं ती जुनी अमेरिकन गाडी घासूनपुसून लख्ख केली. पण डॅशबोर्डवर रेडिओच्या जागी नुसती कोरी पट्टी! ती काही त्याला बघवेना. शेजाऱ्याची वाटीसुद्धा रिकामी परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, ही कोकणातली रीत. इथे तर साक्षात कफीलची गाडी! पठ्ठ्यानं पट्टी उचकटली, पत्रा कापला आणि बत्ह्याच्या बाजारातून आणलेला झकास रेडिओ बसवला. स्वतःवरच खूश झाला.

अबू फहदनं गाडीचं दार उघडलं आणि रेडिओकडे बोट करून ओरडला.

"अरे गाढवा! पहिल्या मालकानं कारखान्याला सांगून यातला रेडिओ वगळला होता. डीलरनं मागाहून रेडिओ बसवलेल्या गाड्या पैशाला पासरी मिळतात. वगळलेल्यालाच किंमत! रेडिओ डिलीट म्हणतात त्याला, डिलीट!"

तो शब्द जलालला झोंबला. कॉम्प्युटरमधून यूनुसचं नाव काढलं तेव्हाही हाच शब्द कानावर आला होता. नोकरी गेलीच म्हटल्यावर जीभ सुटली. "अबू फहद, रेडिओ डिलीट केला तर गाडीची किंमत वाढते. मग आम्हाला डिलीट करता, तेव्हा आमची का नाही वाढत?" आणि एवढा बाप्या माणूस, वर्कशॉपमधल्या सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

उगीच काहीतरी करायचं म्हणून अबू फहदनं रेडिओ लावला. आवाज खणखणीत! त्यानं अख्खं गाणं ऐकलं.

"वायरिंग कुणी केलं?"

"मीच."

"इलेक्ट्रिशियनची जागा रिकामी आहे. उद्या इकामा घेऊन ये. आणि पहिलं काम, हा रेडिओ काढ. यल्ला!"

जलाल जवळजवळ धावतच घरी बायकोकडे पोचला. "सफूरा, अगो, मी इलेक्ट्रिशियन झालो!"

सफूरानं डोळ्यांना पदर लावला, अल्लाचे आभार मानले आणि म्हणाली, "मग आधी किचनमधली ट्यूब लावा. रमजानपासून बंद आहे."