चौऱ्याहत्तर नंबरची बाटली

तुम्ही खोटं लिहिलंत, डॉक्टर. अहवालाच्या एकोणिसाव्या पानावर, तक्त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘रुग्ण क्रमांक ७४ ने नवव्या दिवशी स्वेच्छेने अभ्यास सोडला.’ रुग्ण क्रमांक ७४ म्हणजे माझी सख्खी ताई. ती अकराव्या दिवशी दुपारी गेली.

तुम्ही म्हणाल, बाटल्यांवर लेबलं चिकटवणाऱ्यानं अहवाल कशाला वाचावा? वाचला. एकेका पानाला दोन-दोन दिवस लागले, पण वाचला. ते एक वाक्य बदला, एवढंच मागायला तीनदा तुमच्या केबिनमध्ये आलो. तीनदा तुम्ही चष्मा पुसलात. म्हणून आता लिहून काढतोय, माझ्या वाटणीच्या पापासकट. तुम्हाला माहीत असलेलंही पुन्हा सांगावं लागेल, कारण हा कागद तुमच्या एकट्यासाठी नाही.

साध्या खोकल्यावर होमिओपॅथीचं एक औषध लागू पडतं का, हे आपण तपासत होतो. एकशेवीस माणसं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसत्या साखरेच्या कोऱ्या गोळ्या. दोन्हींवर सारखंच स्पिरिट शिंपडलेलं, वासानंही कळू नये म्हणून. कुणाला काय मिळालं याची यादी सीलबंद, तुमच्या कपाटात. रुग्णाला माहीत नाही, मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. माझं काम दोनच: बाटल्यांवर नंबर लावायचे, आणि रोज संध्याकाळी पाच वाजल्यापासून एकेका रुग्णाला फोन करायचा. प्रत्येकाला दहा दिवस.

त्र्याहत्तरावर गाडी अडली. थंडी सरली होती, खोकणारे मिळेनात. तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन म्हणालात, “तुमच्या घरी कुणी खोकत नाही का हो?”

खोकत होती. ताई.

माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला न्हाऊमाखू घालून ती शाळेत जायची आणि गणितात नापास व्हायची. पुढं शिवणकाम शिकली. घराच्या पुढच्या खोलीत तीन मशिनं टाकून शाळेचे गणवेश शिवायची. खोकला कापडाच्या धुळीचा, असं ती म्हणायची. मी बाटली घेऊन गेलो आणि नियम वाचून दाखवले. चार गोळ्या झाकणात घ्यायच्या, हात लावायचा नाही, झाकणातूनच जिभेवर टाकायच्या. कच्चा कांदा नाही, कॉफी नाही. दहा दिवस दुसरं कुठलंही औषध नाही.

“हात नाही लावायचा? गोळ्या आहेत की नवी नवरी?” ताई म्हणाली आणि सही केली.

फोनवर काय बोलायचं ते तुम्ही छापून दिलं होतं. शब्दही इकडचा तिकडं करायचा नाही. पहिल्या दिवशी मी म्हणालो, “नमस्कार. मी संशोधन केंद्रातून बोलतोय. गेल्या चोवीस तासांत आपल्याला खोकल्याचा त्रास किती झाला? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य.”

“आपल्याला?” ताई म्हणाली. “काल माझ्याकडनं पँटला चेन लावून घेऊन गेलास, आणि आज मी आपण झाले होय रे?”

“कृपया आकडा सांगा.”

“पाच, साहेब. चेन नीट बसली का?”

याचं उत्तर छापील कागदावर नव्हतं. मी फोन ठेवला. काम संपल्यावर बाहेर येऊन माझ्या मोबाइलवरून लावला आणि सांगितलं, बसली. मग तशी रीतच पडली. आधी केंद्राचा फोन, नंतर भावाचा. केंद्राच्या फोनवर ती मला साहेब म्हणायची, भावाच्या फोनवर गाढव.

तिसऱ्या दिवशी सहा. चौथ्या दिवशी सात. पाचव्या दिवशी आठ, आणि अंगात ताप.

तुमच्या फॉर्मवर एक रकाना आहे: ‘प्रारंभिक उसळी’. तुमच्या शास्त्रात म्हणे नेमकं औषध लागलं की रोग आधी उसळतो आणि मग बसतो. म्हणून पहिल्या आठवड्यात आकडा चढला तर रुग्णाला घाबरू द्यायचं नाही. रकान्यात खूण करायची आणि म्हणायचं, “हे चांगलं लक्षण आहे, औषध काम करतंय.” ताईच्या आधी मी हे वाक्य कितीतरी जणांना ऐकवलं होतं. त्यांतले बहुतेक दहाव्या दिवसापर्यंत बरे झाले. साधा खोकला तसाही जातोच, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटायचं, माझी खूणच त्यांना बरं करते.

तरी पाचव्या दिवशी मी तुमच्याकडं आलो. तुम्ही आकडे बघितलेत आणि हसलात. “इतकी जोरात उसळी म्हणजे औषध नेमकं बसलंय. नशीबवान आहेत तुमच्या ताई.”

मी धावत जाऊन तिला सांगितलं.

“नशीबवान बाईच्या बरगड्या दुखतायत बरं का,” ती म्हणाली आणि बरगडी धरून हसली.

सहाव्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा ती दारात चपला घालत होती. भावोजी तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं नेत होते.

मी आडवा आलो. “दुसरं औषध घेतलंस तर बाद होशील ताई. चारच दिवस राहिलेत.”

“बाद झाली तर झाली,” भावोजी म्हणाले. “ही काय धावण्याची शर्यत आहे?”

“भावोजी, उसळी आहे ती. मोठे डॉक्टर स्वतः म्हणाले.”

भावोजींनी तिच्याकडं बघितलं. ती दाराची चौकट धरून श्वास घेत होती. “राहू द्या हो,” ती म्हणाली. “त्याच्या केंद्रात त्याची मान खाली जायला नको. चार दिवस खोकते मी त्याच्यासाठी.” आणि पायात घातलेल्या चपला तिनं पुन्हा काढल्या.

डॉक्टर, त्या चपला मी काढायला लावल्या. हे कुणी मला सांगायची गरज नाही.

सातव्या दिवशी नऊ. आठव्या दिवशी मी छापील वाक्य म्हटलं आणि पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. फाटक्या पिशवीत हवा भरावी तसा.

“तूच लिही काहीतरी,” ती म्हणाली.

“मला लिहिता येत नाही. आकडा आपणच सांगायला हवा.”

“मग नऊच लिही. दहा म्हटलं तर तू घाबरशील.”

मी नऊ लिहिलं. सातव्या दिवसानंतरही आकडा उतरला नाही तर तुम्हाला कळवायचं, असा नियम होता. मी कागद आत नेऊन दिला. तुम्ही त्यावर लिहिलंत, ‘निरीक्षण चालू ठेवावे’, आणि सही केलीत. तो कागद माझ्यापाशी आहे. पुढं अजून अकरा जणांचे फोन होते. ते आटोपले आणि मी घरी गेलो. त्या दिवशी भावाचा फोन मी केलाच नाही. सकाळी समक्षच जाऊ म्हटलं.

सकाळी घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, दवाखान्यात नेलंय, ओठ निळे पडले होते.

दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. वॉर्डातल्या डॉक्टरबाई पंचविशीच्या असतील. त्यांनी विचारलं, “नऊ दिवस कुठलं औषध चालू होतं?” मी बाटली पुढं केली.

“यात काय आहे?”

“माहीत नाही.”

“तुम्हीच दिलीत ना?”

“हो.”

“आणि तुम्हाला माहीत नाही?”

“कुणालाच माहीत नाही. तसाच नियम आहे.”

 मग त्यांनी तुम्हाला फोन लावला. तुम्ही सांगितलंत, मध्येच यादी फोडली तर अभ्यास नासेल. बाईंनी काय ते उपचार करावेत, बाटलीत काय होतं याला महत्त्व नाही. त्यांनी फोन ठेवला आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

संध्याकाळी पाच वाजता ताईचा मोबाइल माझ्या खिशात वाजला. माझ्या जागी कुणीतरी बसलं होतं. “नमस्कार. मी संशोधन केंद्रातून बोलतोय. गेल्या चोवीस तासांत आपल्याला…” मी ते वाक्य पुरतं ऐकून घेतलं. इतके महिने ते मी म्हणत आलो होतो, ऐकलं कधीच नव्हतं. मग म्हणालो, “ती दवाखान्यात आहे. दुसरं औषध सुरू झालंय.” पलीकडचा म्हणाला, “बरं, नोंद करतो.”

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भुवया उंचावल्या, ‘विचार की आकडा’ म्हणावं तशा.

“किती गं?” मी विचारलं.

एका हाताला सुई होती. दुसऱ्या हाताची पाच बोटं तिनं वर केली, मिटली, आणि पुन्हा पाच वर केली.

त्यानंतरचं लिहीत नाही.

पाच महिन्यांनी यादी उघडली. आकडेमोड करणाऱ्या बाईंच्या टेबलापाशी मी उभा राहिलो आणि चौऱ्याहत्तर विचारला. त्यांनी पान उलटलं. बोट तिथंच ठेवून म्हणाल्या, “कोऱ्या.”

“म्हणजे औषध नव्हतंच?”

“नव्हतं.”

“मग उसळी कशाची?”

त्यांनी संगणक माझ्याकडं वळवला. उसळीच्या खुणा: औषधवाल्यांत बारा, कोऱ्या गोळ्यावाल्यांत अकरा. “मी डॉक्टरांना दाखवलं,” त्या हळूच म्हणाल्या. “ते म्हणाले, हा तक्ता अहवालात नको.”

अकरा जणांचा रोग साखरेनं उसळला होय? रोग नुसता वाढत होता, डॉक्टर, आणि आपण त्याला शाबासकी देत होतो.

तिसऱ्यांदा आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, “तुमचं दुःख समजतं मला. पण न्यूमोनिया हा वेगळा आजार आहे. कोऱ्या गोळ्यांनी कुणी मरत नाही.” अगदी खरं. ताई गोळ्यांनी मेली नाही. तिला डॉक्टरकडं जाता जाता दारात अडवलं, त्यानं मेली. अडवलं मी. अडवायचं वाक्य मला छापून कुणी दिलं?

भावोजी माझ्याशी अजून बोलतात. जेवलास का विचारतात. तेच सोसत नाही.

पुढच्या महिन्यात लहान मुलांच्या कानदुखीचा अभ्यास सुरू होतोय. फॉर्म छापून आलेत. तिसऱ्या पानावर तोच रकाना आहे. मी फोनवर बसणार नाही, हे कालच लेखी दिलंय. दुसरा कुणीतरी मिळेल तुम्हाला, आणि तो त्या आयांना सांगेल की हे चांगलं लक्षण आहे.

आता एकाच गोष्टीचं उत्तर द्या. आठ दिवसांचे फोन मी केले, ताईचा शब्द न् शब्द मी ऐकला. मी सोडते, असं ती एकदाही म्हणाली नाही. उलट जायला निघालेली बाई तुमच्या अभ्यासासाठी दारातून परत फिरली. नवव्या दिवशी केंद्राच्या फोनवर मी दोनच वाक्यं बोललो: ती दवाखान्यात आहे, दुसरं औषध सुरू झालंय. या दोन वाक्यांत तिची इच्छा तुम्हाला कुठं सापडली? लेखी सांगा. खाली सही करा.