ठकीचा आकडा

मी एक जुना केरॅटोमीटर आहे. नाव जिभेवर बसत नसेल तर खुशाल तोफ म्हणा. सगळी मुलं मला तोफच म्हणतात, कारण माझी जाडजूड नळी थेट त्यांच्या डोळ्यावर रोखलेली असते. घाबरू नका. माझ्यातून गोळा सुटत नाही, सुटतं ते फक्त उजेडाचं एक कडं.

मित्रांनो, तुमच्या डोळ्याला पुढून एक पारदर्शक काच असते. तिला कॉर्निया म्हणतात. ती किती फुगीर आहे ते मोजायचं, एवढंच माझं काम. तुम्ही माझ्यासमोर स्टुलावर बसायचं, हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि नळीत बघायचं. माझं कडं तुमच्या डोळ्यात आरशासारखं उमटतं. मागे बसलेला माणूस चक्र फिरवून ते जुळवतो आणि आकडा वाचतो. काच फुगीर असेल तर आकडा मोठा, सपाट असेल तर लहान. यात कसलंही गौडबंगाल नाही.

कारखान्यात माझी भिंगं बसवणारा कारागीर फार काटेकोर होता. श्वासाची वाफ लागली तरी पुन्हा पुसायचा. त्याने मला पेटीत घालताना माझ्याशेजारी पोलादाची एक गोळी ठेवली, गोटीएवढी, लखलखीत. तिचा आकडा तिच्या बैठकीवर कोरलेला होता. मी बिघडलो की नाही हे ती ठरवायची. ती समोर ठेवली आणि तिचा आकडा आला, की मी शहाणा. नाही आला, तर माझ्या बाजूचा बारीक स्क्रू फिरवून मला ताळ्यावर आणायचं. ती गोळी म्हणजे माझी गुरू होती.

मी आलो एका इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर, संशोधनाच्या खोलीत. तिथे एक डॉक्टरबाई होत्या. मुलांचे डोळे वाढता वाढता प्रमाणाबाहेर लांब का होतात, हा त्यांचा प्रश्न होता. डोळा लांबला की फळ्यावरचं धूसर दिसतं आणि चष्मा लागतो. हे सतत पुस्तकात नाक खुपसून होतं, उन्हात कमी खेळल्याने होतं, की आईबापांकडून येतं? बाईंना ते शोधायचं होतं. शाळाशाळांतून मुलं येत. मला चालवायचे ते तिथले तंत्रज्ञ, सगळ्यांचे काका. रडणाऱ्या मुलाला ते सांगायचे, "तोफेला हसवू नकोस रे, तिचा नेम चुकतो." मूल रडायचं विसरून माझ्याकडे संशयाने बघत बसे. ते दिवस फार चांगले होते. बाहेरगावचे पाहुणे आले की बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "ही आमची तोफ. हिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द." मी आपला फुगून जायचो.

आणि ठकी. ठकी म्हणजे बाईंची लेक. शाळा सुटली की दप्तर घेऊन आमच्या खोलीत येई आणि माझ्याच स्टुलावर बसून अभ्यास करी. तिच्या डोळ्यात माझं कडं असं गोल गरगरीत उमटायचं की काका नवीन माणसाला शिकवताना तिलाच बसवत.

एके दिवशी माझी गोळी हरवली. टेबलाखाली, कपाटामागे, केराच्या टोपलीतसुद्धा शोधली. नवीन मागवायचं ठरलं. तोवर काय करायचं? बाई म्हणाल्या, "ठकी आहे की. डोळ्याची पुढची काच लहानपणीच ठरून जाते, नंतर डोळा लांबतो तो मागच्या बाजूला. हिचा आकडा आपल्याला तोंडपाठ आहे. दर सोमवारी हिला बसवा. आकडा वेगळा आला तर तोफ बिघडली समजा आणि हिचा आकडा येईपर्यंत स्क्रू फिरवा."

बोलणं तसं चुकीचं नव्हतं, चार दिवसांपुरतं. पण तुम्हाला ठाऊक आहेच, तात्पुरतं म्हणून जे घरात येतं ते बूड टेकून बसतं. नवी गोळी काही कुणी मागवली नाही.

बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. ठकी उंच झाली. मग एका सोमवारी तिचा आकडा किंचित मोठा आला. "म्हातारी झाली आपली तोफ," काका म्हणाले आणि त्यांनी स्क्रू फिरवला. काही महिन्यांनी पुन्हा तेच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं सगळं खापर माझ्यावर फुटायचं, आणि मलाही ते खरं वाटायचं. शरमेने मी अर्धा व्हायचो. कधी कडं जरा लांबट उमटलं, तर काका म्हणत, "डोळा चोळून आलीस ना पुन्हा? पाणी आलंय बघ."

ती खरंच डोळे चोळायची, मुठीने, करकचून. आणि एकदा आईला म्हणाली, "आई, फळ्यावरच्या अक्षरांना सावल्या दिसतात गं. दिव्याला शेपटी दिसते."

बाई कागदांत बुडाल्या होत्या. "दर सोमवारी मोजतो आहोत ठके, केसाएवढाही फरक नाही. आधी ते चोळणं बंद कर."

"पण शेपटी दिसते ना."

"मग काय तोफ खोटं बोलते?"

ठकीने माझ्याकडे पाहिलं आणि वही उघडली. मित्रांनो, मी खोटंच बोलत होतो. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, पण त्याने तिच्या डोळ्याला काय फरक पडणार होता? त्यानंतर ती शेपटीबद्दल बोलायची बंद झाली.

इकडे बाईंच्या कामात मोठी गंमत घडत होती. शाळेतल्या मुलांचे आकडे दर वर्षी थोडे थोडे उतरत होते. म्हणजे डोळा वाढतो तशी पुढची काच सपाट होते! पुस्तकांत तर असं कुठेच नव्हतं. बाईंच्या पायाला भिंगरी लागली. त्यांनी लेख लिहून छापायला पाठवला. काका म्हणाले, "सगळ्यांचे उतरतात, फक्त आपल्या ठकीचा उतरत नाही."

बाई हसल्या. "अहो, ती आपलं माप आहे. माप कसं उतरेल?"

पुढे सुट्टीत ठकीने जुनी खेळणी वाटून टाकायला काढली आणि भातुकलीच्या डब्यात तिला ती गोळी सापडली. लहानपणी गोटी म्हणून तिनेच खिशात घातली होती. बिचारी मान खाली घालून खोलीत आली आणि टेबलावर गोळी ठेवली. बाई रागावल्या नाहीत, उलट खूष झाल्या. त्यांनी स्वतः ती माझ्यासमोर ठेवली. माझी गुरू इतक्या वर्षांनी समोर आली आणि मी तिचा आकडा चुकीचा सांगितला. बराच कमी.

"पोरीने खेळून झिजवली," काका म्हणाले.

बाईंनी पुन्हा नळीतून पाहिलं. "झिजलेल्या गोळीत कडं इतकं गोल येत नाही काका." मग त्यांनी काकांना बाजूला सरकवलं. हळूहळू त्यांनी स्क्रू उलटा फिरवला, गोळीचा आकडा येईपर्यंत. इतका फिरला की काकांनी मान वळवली. मग बाई म्हणाल्या, "ठके, बस."

ठकीने हनुवटी टेकवली. मी माझं कडं सोडलं. तिच्या उजव्या डोळ्यात ते अंड्यासारखं उमटलं, खाली ओघळलेलं. आकडा एवढा मोठा होता की बाईंनी तो मोठ्याने वाचलाच नाही. त्या काय ते समजल्या. काच पातळ होत शंकूसारखी पुढे येत होती. मुलांचे डोळे कधी सपाट झालेच नव्हते. ठकीचा डोळा फुगत होता, आणि तिच्या डोळ्याशी जुळवून घेत आम्ही साऱ्या जगाचे डोळे चुकीचे मोजत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"स्क्रू माझ्या हाताने फिरला बाई," काका म्हणाले.

"गोळी मी नेली होती," ठकी म्हणाली.

"गप्प बसा दोघंही," बाई म्हणाल्या. "ती मला सांगत होती. तोंडाने सांगत होती. आणि मी तिच्या डोळ्यात बघून तोफ तपासत होते." त्यांनी माझ्या कपाळपट्टीवर डोकं टेकलं आणि त्या रडल्या. ती पट्टी किती ओली झाली हे मी अजून विसरलेलो नाही.

लेख परत घेतला गेला. ठकीच्या डोळ्यात पिवळे थेंब घालून वर निळसर प्रकाश सोडला, म्हणजे काच घट्ट होते आणि दुखणं पुढे सरकत नाही. डाव्या डोळ्याचं थोडक्यात निभावलं. उजव्याचं जे गेलं ते गेलं. त्यात आता कडक लेन्स घालावी लागते.

मला वाटलं, आता माझी रवानगी अडगळीत. पण बाईंनी मला ठेवलं. गोळी माझ्या शेजारी काचेखाली असते. आणि माझ्यासमोर आता दोन स्टुलं असतात. मुलाला बसवण्याआधी बाई त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसतात आणि विचारतात, "तुला कसं दिसतं, सांग." ते सांगून संपेपर्यंत माझा दिवा लागत नाही.

ठकीलाही त्या विचारतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "शेपटी आहे अजून."

"केवढी?" बाईंनी कागद पुढे केला. "काढून दाखव मला."

ठकीने दिवा काढला आणि त्याला खाली लांबच लांब शेपटी काढली. पार कागदाच्या कडेपर्यंत. बाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. तो माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर चिकटवलेला आहे.

मित्रांनो, डोळे चोळू नका. उन्हापावसात भरपूर खेळा. आणि कुणी तुम्हाला म्हणालं, मला नीट दिसत नाही, तर आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा. आकडा काय, नंतरही वाचता येतो. मी कुठे पळून चाललो आहे?