पेटी अडकली, मेली नाही

बटणांच्या डब्यात गोळ्या सापडल्या आणि माझं डोकंच फिरलं. चार होत्या. पांढऱ्या, लांबट, हिरव्या बटणांच्या मधोमध. जणू मला दिसणारच नाहीत!

"हे काय आहे?" मी डबा बाबाच्या नाकासमोर धरला.

"बटणं."

"बाबा!"

"अगं ठिणगे, ओरडतेस काय? सूज उतरली, ठणका गेला. हे बघ, बोट वाकतंय. त्या गोळीनं नुसतं मळमळतं."

आमची पुढची खोली म्हणजेच कारखाना. स्वेटर विणायचं एक मशीन, लोकरीची रिळं आणि बाबा. त्याच मशीनची सुई त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात घुसली होती. बोट वांग्यासारखं सुजलं. डॉक्टरीणबाईंनी चिरून पू काढला, चौदा दिवस गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ. माझ्यासमोर म्हणाल्या, "हाडात उतरलं तर बोट काढावं लागेल." सुटलेला टाका बाबा त्याच बोटानं उचलतो. ते गेलं की धंदा गेला.

आणि हा बाबा पाच दिवसांत थांबला होता. दोन दिवस झाले होते त्याला.

"चौदा सांगितलेत," मी म्हणाले.

"दहावी अर्ध्यात कुणी सोडली गं? आणि आता मला सांगतेय, पूर्ण करा!"

लागलं मला. पण मी रडणाऱ्यातली नाही. दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, आत्ताच सुरू करा, राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका आणि उद्या बोट दाखवून जा. मी विचारलं, "पण बरं वाटतंय तर जंतू मेले नाहीत का?" त्या म्हणाल्या, "ही गोळी जंतू मारत नाही. त्याचं प्रथिनं बनवायचं यंत्र अडकवते. अडकलेल्या जंतूला मारतं आपलं शरीर, आणि त्याला वेळ लागतो."

प्रथिनं बनवायचं यंत्र. हे मी कुठंतरी वाचलं होतं. कुठं, ते आठवलं आणि हसूच आलं. माझं विज्ञानाचं पुस्तक वर्षभर मशीनच्या आखूड पायाखाली होतं.

ओढून काढलं. मशीन डुगडुगलं.

"अगं ए!"

"थांब जरा." पान चेपलेलं, तेलाचा डाग. पण चित्र शाबूत होतं. "बाबा, तू नक्षी कशी विणतोस?"

"आता परीक्षा घेतेस माझी? कार्डावर भोकं असतात. सुयांवरची ही सरकती पेटी त्याच्यावरनं जाते. भोकं सांगतील तसा रंग उचलते."

"जंतूच्या पोटात हेच चाललेलं असतं. मूळ नक्षीची नक्कल म्हणजे तुझं कार्ड. त्याच्यावरनं पेटी सरकते, रायबोझोम म्हणतात तिला. एका वेळी तीन अक्षरं वाचते. प्रत्येक तीन अक्षरांना एक तुकडा ठरलेला. एक आणून देणारा असतो, तो तुकडा देतो, पेटी मागच्याला जोडते, पुढे सरकते. अशी माळ बनते. तेच प्रथिन."

"आपल्यात नसतं का?"

"असतं की. पण आपलं कार्ड एका खोलीत बनतं, मग बाहेर येतं, मग वाचलं जातं. जंतूला आत खोलीच नाही. कार्ड बनत असतानाच विणायला सुरुवात."

"तुझ्यासारखाच उतावळा."

"हो ना! म्हणून तर मला कळतोय. आणि त्याच्या पेटीची घडण वेगळी, म्हणून गोळी तिच्यात बसते, आपल्या पेटीत सहसा नाही."

बाबानं जांभई दिली. खोटी. "मग मेला असेल आता."

माझा पारा चढला. मशीनवर निम्मी बाही चढलेली होती. मी काडेपेटीतली काडी घेतली आणि सरळ पेटीखाली खुपसली. ढकलली पेटी. खट्ट. बसली.

"काय केलंस! गिऱ्हाइकाची बाही आहे ती!"

"मेलं का मशीन?"

"मेलं कशाला? अडकलंय."

"किती वेळ अडकेल?"

"काडी आहे तोवर! सरक."

त्यानं डाव्या हातानं, चिमट्यानं, जपून काडी काढली. पेटी ढकलली. सर्रर्र. जिथं थांबली होती त्याच ओळीपासून नक्षी पुढे. एक टाका चुकला नाही.

बाबाचा हात पेटीवरच राहिला.

मी त्या काडीशेजारी गोळ्यांचं पाकीट ठेवलं.

"पाणी आण," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बोट दाखवून आलो. बाईंनी गोळ्यांच्या तारखा पुढे ढकलल्या आणि बाबाला असं झापलं की मला काही शिल्लक ठेवलं नाही. मग रोज सकाळ-संध्याकाळ मी समोर उभी. "जीभ वर कर." "तुरुंग आहे का हा?" "हो. जीभ." तो शिव्या देत गिळायचा. मळमळ नको म्हणून आधी दोन घास मी जबरदस्तीनं भरवायचे. एकदा त्यानं बटणांच्या डब्याकडे नुसतं बघितलं, मी डबाच उचलून स्वयंपाकघरात ठेवला.

शेवटची गोळी संपली त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी बोट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, झालं. घरी येऊन बाबानं सुटलेला टाका त्याच बोटानं उचलला. मशीन अजिबात डुगडुगत नव्हतं. मी वाकून बघितलं, पायाखाली लाकडाचा तुकडा, बेताचा तासलेला.

"पुस्तक कुठंय?"

"तुझ्या उशाशी." त्यानं मान वर केली नाही. "पानाला खूण घातलीय. पुढचं राहिलंय तुझं."

"बाबा, मी शाळेत वगैरे..."

"शाळेचं कोण बोललं? पान सांगतोय." पेटी सर्रकन गेली. "रोज सकाळ-संध्याकाळ. मी समोर उभा राहणार."