अर्ध्या जोडीचा बैल

मित्रांनो, पवना नदीकाठच्या गोठ्यात हल्ली नुसता रवंथ करत बसलेला मी एक म्हातारा डांगी बैल आहे. माझा जन्म अकोले तालुक्यातल्या डोंगराकडचा. आमची कातडी तेलकट असते. कितीही पाऊस कोसळो, आम्ही चिखलात ठाम उभे राहतो. म्हणून भाताच्या मुलखात आम्हाला मान.

जर्मनची लढाई संपली त्यानंतरची गोष्ट. मावळात गुरांमध्ये बुळकांडीची साथ आली आणि गावचे गोठे ओस पडले. सरकारने मदत दिली, पण घरटी एकाच बैलापुरती. लोकांनी माझ्या मालकिणीला, धोंडाबाईला, सांगितले की, विधवा बाईने बैलाच्या भानगडीत न पडता त्या पैशांत धान्य भरावे. ती मात्र पायी चाकणच्या बाजारात गेली आणि मला घेऊन आली.

आता नांगराला बैल लागतात दोन. गावात ज्याने त्याने आपला जोडीदार शोधला. उरला फक्त धोंडाबाईचा धाकटा दीर अंबाजी. नवरा गेल्यावर बांधावरून तिचे त्याच्याशी भांडण झाले होते आणि तेव्हापासून बोलणे बंद होते. तरी ती माझा कासरा धरून त्याच्या दारात उभी राहिली.

"भाऊजी, बैल आणलाय. तुमच्या बैलासंगं जुंपा. आदी तुमची खाचरं करा, मग माजी."

"आन बांधाचं काय?" अंबाजीने विचारले.

"भांडण कुटं पळून जातंय? भाताची आवणी झाली की पुन्यांदा भांडू."

अंबाजीला हसू आले. त्याने ते मिशीत दाबले आणि कासरा हातात घेतला.

जोडीची सवय व्हावी म्हणून मला त्याच्याच गोठ्यात बांधू लागले. त्याच्या खाचरांत चिखलणी झाली. धोंडाबाईची अजून तशीच पडून होती. तेवढ्यात वडगावहून सरकारी साहेब मदतीच्या तपासणीला आले. तिचा गोठा रिकामा पाहून त्यांनी तिला धारेवर धरले. मदत घेऊन बैल घेतला नसेल तर पैसे परत करावे लागतील, असे ते म्हणाले. मग अंबाजीच्या गोठ्यात आम्ही दोघे दिसलो.

"हे दोन्ही तुझेच का रे?" साहेबांनी विचारले.

अंबाजीने नुसती मान डोलावली असती, तर मी त्याचा झालो असतो आणि धोंडाबाईची जमीन पडीक राहिली असती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"न्हाई साहेब," अंबाजी म्हणाला. "हा ठिपक्यांचा बैल वहिनीचा. मदत मिळाली तवाच चाकणास्नं आणलाय तिनं. आज तिचीच खाचरं धरायची हायती."

त्याच दुपारी त्याने आम्हाला धोंडाबाईच्या खाचरात घातले. अंधार पडेपर्यंत तो नांगराच्या मागून हलला नाही. त्या वर्षी दोन्ही घरांची भातं पिकली. पुढे कितीतरी पावसाळे आम्ही दोघांनी मिळून ओढले.

परवा गुरांचा एक दलाल आला आणि माझे दात बघू लागला. धोंडाबाईने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले. "लय राबलाय त्यो," ती म्हणाली. "आता बसून खाऊ द्या."

मित्रांनो, तुमच्या दारातही एखादे थकलेले जनावर असेल. त्याला सावली द्या, वेळेवर पाणी पाजा. आणि जाता येता त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवा. आमच्या जातीला बोलता येत नाही, पण तो हात आम्हाला नेमका ओळखू येतो.