शिशाचा पासंग

आईच्या शेजारच्या शिवणवाल्या मावशींचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. "घाबरू नकोस, आता बरी आहे," असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. आई जिन्यात बसलेली सापडली होती. घामानं चिंब, हात थरथरत, आणि मावशींना ओळखेना. मावशींनी तिला साखरेचं पाणी पाजलं तेव्हा कुठे भानावर आली. वीस वर्षं साखरेपासून जपलेली माझी आई शेवटी साखरेनंच वाचली.

डॉक्टरीणबाईंनी तपासणीची वही माझ्यापुढे सरकवली. "बघा, एके दिवशी साखर आभाळात, दुसऱ्या दिवशी पाताळात. गोळी रोज तेवढीच, आणि या मात्र कधी उपाशी, कधी एका बैठकीत अर्धी लादी पाव. पाव, भात, बटाटा, काही सोडू नका म्हणतेय मी. पण रोज मापात आणि वेळेवर. आठवडाभर बघू. नाहीच जमलं तर यांना एकटं ठेवायचं नाही. घेऊन जा तुमच्याकडे."

आम्ही घरी आलो. दाराचं कुलूप काढताना आई म्हणाली, "मी हे घर सोडणार नाही. सांगून ठेवते."

"मग मापात जेव ना."

"जेवते की. पण समोर कोण बसतंय?"

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते.

बाबा तराजू दुरुस्त करायचे. सगळा रस्ता त्यांना काटेवाले म्हणायचा. पुढच्या खोलीत छताच्या आकड्यांना तराजू टांगलेले असायचे, आणि वारा आला की पारडी एकमेकांशी हळू कुजबुजायची. पितळ घासल्याचा तो आंबूस वास अजून नाकात आहे. मला ते गुंज म्हणायचे. त्यांच्या पेटीतलं सगळ्यात हलकं वजन म्हणजे मी. एखादं पारडं किंचित हलकं भरलं, तर त्याच्या पोटाला शिशाचा इवलासा तुकडा चिकटवून ते दोन्ही पारडी सारखी करायचे. त्याला पासंग म्हणायचे. काम करता करता स्वतःच रचलेलं गुणगुणायचे:

एक पारडं तुझं, एक पारडं माझं,
मधे उभा काटा, त्याला कुणाचं ना ओझं.

कुणा दुकानदारानं गिऱ्हाइकाला फसवायला पासंग लावून मागितला, की काटेवाल्यांचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत जायचा. "उचला तुमचा काटा. माझ्या दारात पुन्हा आणू नका!"

आईला मधुमेह निघाला तेव्हा मी शाळेत होते. डॉक्टरांनी ताट आखून दिलं: अर्धं ताट भाजी, चतकोर ताट अंडी नाहीतर डाळ, आणि उरलेल्या कोपऱ्यात पावाचा एक तुकडा. ते ताट बघून आई रडली होती. "तुम्ही पोटभर खायचं आणि मी लहान पोरीसारखं मोजून? शिक्षाच झाली ही."

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानातला एक तराजू जेवणाच्या टेबलावर घेऊन आले.

"आता मला वजनं लावून जेवू घालणार?" आई कडाडली.

"वजनं कशाला?" त्यांनी तिचा तुकडा डाव्या पारड्यात ठेवला. उजव्यात स्वतःचा ठेवला आणि काटा सरळ होईपर्यंत कापत गेले. "साखरबाई, आजपासून तुमच्यापेक्षा गुंजभरही जास्त खाणार नाही."

आई डोळे पुसत हसली आणि जेवली. त्या दिवसापासून बटाटा असो की भात, आमच्या टेबलावर आधी दोन्ही पारडी भरायची, मग ताटं. मी मधे बसून काट्याकडे बघायची.

दोन महिन्यांत बाबा वाळून काटकी झाले. कमरपट्ट्याला नवी भोकं पडली. एकदा वजनांची पेटी उचलताना त्यांना भोवळ आली. दुकानदार विचारायचे, "काटेवाले, मधुमेह नक्की कुणाला?" मग हळूहळू त्यांच्या गालांवर मांस आलं. खाणं तर तेच होतं. सवय झाली असेल, असं मला वाटलं. काटा तर रोज सरळच होता.

या वेळी मी येताना बटणाचा नवा काटा आणला होता. आईनं तो उलटसुलट केला. "याला एकच पारडं?"

"वजन कळल्याशी कारण ना?"

"मग तूच जेव याच्याबरोबर." आणि ताट सरकवून ती उठली.

आतल्या खोलीत आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. गोळीची वेळ टळत चालली होती. मी फळीवरचा जुना तराजू काढला, पुसला आणि टेबलावर टांगला. नव्या काट्यावर आईचा तुकडा डॉक्टरीणबाईंनी सांगितला तेवढा बेतून डाव्या पारड्यात ठेवला. उजव्यात माझा. कापत गेले, कापत गेले. काटा सरळ झाला.

पण माझा तुकडा चांगला घासभर मोठा दिसत होता.

मी डावं पारडं उचलून उलटं केलं. खाली शिशाचा गोल पासंग, काळा पडलेला, घासून घासून गुळगुळीत झालेला.

गिऱ्हाइकाला गुंजभर फसवू न देणाऱ्या माझ्या बापानं आपल्याच बायकोच्या पारड्याला पासंग लावला होता! आई कधी दारात येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"आई, बाबांनी..."

"रोज पारडी घासत कोण होतं गं?" ती खुर्ची ओढत म्हणाली. "मला ठाऊक नसेल?"

"मग बोलली का नाहीस?"

"दिवसभर लोखंड उचलायचं त्यांना. माझ्याएवढं खाऊन कसं भागणार? आणि उपाशी राहून शब्द पाळत बसले असते तर मीच जेवले नसते." तिनं पासंगावरून अंगठा फिरवला. "आयुष्यात एकच लबाडी केली बिचाऱ्यांनी. तीही मला पकडता आली नाही, असं समजूनच गेले."

"काढून टाकू?"

"राहू दे. तुलाही कामाला जायचंय. बस."

तिनं गोळी घेतली. आधी भाजी, मग अंडं, मग तो तुकडा. शेवटचा कण बोटानं टिपून घेतला.

आठवडाभर आम्ही तसंच जेवलो. वहीतली साखर आभाळातून उतरली, पाताळातून वर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हेच चालू ठेवा."

निघायच्या दिवशी मी बॅग भरत होते, पण जीव त्या उजव्या पारड्यात अडकला होता. तेवढ्यात शिवणवाल्या मावशी बशीत पाव घेऊन दारात.

"काय गं, तुमच्याकडे म्हणे मोजून जेवायला घालतात? मी एकटीच गिळत असते रोज. मला कुठलं पारडं?"

आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खुर्ची पुढे केली.

"उजवं," ती म्हणाली. "उजवं नेहमी पाहुण्याचं."