पुढचा एक्सल श्रीपतीचा, मागचा दाजीचा

माझ्या दोन्ही भावांना अक्कल किती, तर वाटणीत त्यांनी जीपसुद्धा वाटून घेतली. पुढचा एक्सल थोरल्या श्रीपतीचा, मागचा धाकट्या दाजीचा, इंजिन सामाईक. आमच्या राई गावात कुणाला नवल वाटलं नाही, आमच्याकडे विहिरीच्याही पाळ्या आहेत.

मग दोघांना हौस आली. चारी चाकांना हे भलेथोरले टायर चढवले. जीप ऐटबाज दिसायला लागली, आणि उड्डाणपुलावर धापा टाकायला लागली. सिल्व्हर पार्कच्या गॅरेजवाल्या प्रितमने समजावलं, "काका, टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, सगळा लोड इंजिनवर. एक्सलमधले गिअर बदला, जोर परत येईल. पण पुढे-मागे सेम टाका हां."

दाजीने मागचे बदलले. श्रीपती म्हणाला, "माज्या एक्सलला काय धाड भरलीय? मी न्हाय बदलनार." रस्त्यावर मागचीच चाकं गाडी चालवतात, म्हणून निभावलं.

आणि शनिवारी माझी फूड व्हॅन खाडीकाठच्या चिखलात रुतली. लोकांच्या घरी भाकऱ्या थापून उभी केलेली व्हॅन, संध्याकाळी उद्घाटन, आणि भरती चढत होती. आत पाणी शिरलं की माझा धंदा सुरू व्हायच्या आधीच बुडाला.

भाऊ जीप घेऊन आले. काँक्रीटवर उभी करून दोर बांधला. नुसत्या मागच्या चाकांनी जोर लागेना, म्हणून श्रीपतीने पुढची चाकंही इंजिनला जोडली. जीप थरथरली, कटकट वाजली आणि जागच्या जागी उड्या मारायला लागली.

प्रितमला फोन लावला. "बंद करा आधी. पुढची चाकं एका हिशोबाने फिरतायत, मागची दुसऱ्या. काहीतरी तुटेल."

"तू तुजे जुने गिअर टाक," श्रीपती म्हणाला.

"तूच नवे टाक ना," दाजी म्हणाला.

तिकडे पाणी व्हॅनच्या चाकांना लागलं आणि इकडे ह्यांचं तुझं-माझं चाललेलं. माझं डोकंच सटकलं.

"हक्कसोडीवर माझी सही पाहिजे ना तुम्हाला? मिळणार नाही. बापाच्या जमिनीत तिसरा हिस्सा घेईन. नाहीतर जीप माझी, दोन्ही एक्सलसकट, आणि व्हॅन आत्ताच्या आत्ता बाहेर."

श्रीपतीने चपला काढल्या, दाजीने पँट दुमडली. पुढची चाकं इंजिनपासून सोडवून मी जीप चालवायला घेतली, आणि दोघे भाऊ गुडघाभर चिखलात, खांद्याला खांदा लावून व्हॅन मागून ढकलायला लागले. किती वर्षांनी त्यांना असं जवळ बघत होते. मला हसू पण येत होतं आणि रडू पण. व्हॅन निघाली.

आता जीप माझ्या दारात असते. प्रितमने पुढचेही गिअर बदलून दिले, कसली ओढते सांगू. भाऊ गावभर सांगतात, एका जीपवर सुटलो. सुटू देत. सही मी अजून केलेली नाही.