मैत्री ओ देईना

भूतानहून परत आल्यापासून आमच्या घरात मैत्रीला नावानं हाक मारायची सोय राहिलेली नाही. "अगं ए, जेवायला ये," म्हटलं की येते. "मैत्री, जेवायला ये," म्हटलं की ढिम्म. नऊ वर्षांची पोर, कान ठणठणीत, फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू येतो, आणि स्वतःच्या नावाला ओ म्हणून देत नाही.

आधी मला वाटलं, नखरे आहेत. मग मंगळवारी शाळेतून तिच्या बाईंचा फोन आला. अहो, बाई कसल्या, इथं डच शाळेत सगळी पोरं त्यांना नुसतं 'यूफ' म्हणतात. फार गोड आवाजात म्हणाल्या, की मैत्री हजेरीला उत्तर देत नाही, मैदानावर हाक मारली तरी वळत नाही, आणि काल ती सायकलच्या रस्त्यावर मध्येच उभी होती, मागून एक जण जोरात येत होता, त्या तिचं नाव घेऊन ओरडल्या, तरी ती हलली नाही. त्या माणसानं ब्रेक दाबला म्हणून वाचली.

"घरी काही झालंय का?" असं त्यांनी विचारलं. काय सांगणार होते मी? भूत झालंय म्हणून?

आता आमचं घर कुठलं, तर बौद्ध. तेही साधंसुधं नाही. माझे सासरे बळवंतराव नागपूरला विज्ञान शिकवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून लोकांची भुतं उतरवायचे. म्हणजे मंत्र टाकून नाही, वाद घालून. वडाच्या झाडाखाली रात्रभर बसून दाखवायचे, उताऱ्यातले लिंबू आणून सरबत करून प्यायचे. हाकामारी तर त्यांची जुनी दुश्मन. ती दारात येऊन नावानं हाक मारते आणि ओ दिली की माणूस गेला, असं म्हणत अख्खी गावं दिवेलागणीला दारं लावून बसायची. बाबा मुद्दाम गल्लीत उभे राहून एकेकाचं नाव घेऊन ओरडायचे, आणि लोक ओ देईपर्यंत हलायचे नाहीत.

घरात मात्र ते दिवसभर एकच नाव घ्यायचे. "ललिता! चष्मा! लवकर!" "ललिता! चहा! लवकर!" आणि सासूबाई स्वयंपाकघरातून खेकसायच्या, "आले हो, आले! काय जीव घेता का?" आमच्या व्हिडिओ कॉलवर गप्पा कमी आणि हेच जास्त ऐकू यायचं. मैत्री बोलायला लागली तेव्हा तेच वाक्य शिकली होती, कुणीही हाक मारली की कमरेवर हात ठेवून ऐकवायची. पुढे शाळा सुरू झाली आणि तिचं मराठी जे आटलं ते आटलंच. कळतं सगळं, उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. बाबा नागपूरला एकटे. म्हणून माझ्या नवऱ्याच्या, अश्वजितच्या, डोक्यातून ही कल्पना निघाली. या उन्हाळ्यात भारतात जायचं, बाबांना घ्यायचं, भूतान बघायचं आणि तिथून त्यांना इकडे बेस्टला, आमच्या या डच गावात, घेऊन यायचं. "बौद्धांचा देश आहे, बाबांना बरं वाटेल."

बरं वाटेल म्हणे! पहिल्या दिवसापासून बाबांचा पारा चढलेला. आमचा गाइड किनले, गुणी पोरगा, पण प्रत्येक वळणावर त्याचं एक भूत उभं. या पुलाखाली राक्षसीण आहे, या तळ्यात खडा टाकायचा नाही, त्या झाडाकडे पाठ करायची नाही. बाबा मागच्या सीटवरून, "अरे, हा कुठला धम्म? कुणी शिकवला तुला?" आणि मी दोघांच्या मध्ये, घाटातल्या वळणांनी मेटाकुटीला आलेली, हातात पिशवी.

एका खिंडीत जुना पडका किल्ला होता. तिथं किनलेनं आवाज एकदम खाली आणला. म्हणाला, इथं कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. एका बाईचं मूल बर्फात हरवलं, ती अजून शोधतेय. नाव ऐकलं की ती ते ठेवून घेते आणि मग कुठूनही हाक मारते. ओ दिली की संपलं.

"ही तर आमची हाकामारी!" बाबा गाडीतून उतरतच ओरडले. "हिला इकडचा व्हिसा कुणी दिला?"

मी "बाबा, राहू द्या," म्हणेपर्यंत त्यांनी मैत्रीचा हात धरला, तिला पडक्या भिंतीच्या कडेला नेलं आणि शेवटच्या बाकावरचं पोरगं जागं करणाऱ्या आवाजात ठोकून दिलं, "मैत्री!" डोंगरानं थोड्या वेळानं ते परत दिलं. बारीक होऊन, लांबून. "बघा! प्रतिध्वनी!" बाबा म्हणाले खरे, पण परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, उंचीचा त्रास. लिंबूपाणी दिलं.

तेव्हापासून हे सुरू.

काय काय केलं नाही आम्ही? बाबांनी हॉलमध्ये शाळाच भरवली. डोंगर काढला, बाण काढले, पातेल्यात तोंड घालून ओरडून दाखवलं. मैत्री शहाण्यासारखी मान डोलवायची. "आय नो, आजोबा. इको." आणि पुढच्या हाकेला पुन्हा ढिम्म. डॉक्टरांनी सांगितलं, थोडे दिवस वाट बघा. अश्वजित म्हणाला, "होईल गं हळूहळू." या माणसाला घराला आग लागली तरी हळूहळू विझेल असंच वाटेल.

यूफचा फोन आल्यावर मात्र त्याचाही चेहरा उतरला. त्यानं गुपचूप किनलेला मेसेज केला. उत्तर लगेच आलं. सोपं आहे, ज्यानं तिथं हाक मारली त्यानंच तिला परत बोलवायचं. तिच्या जेवणाचं ताट घेऊन दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, मैत्री, घरी ये.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. सांगितलं कसलं, हात जोडले.

"मी?" बाबा ताडकन उठले. "जन्मभर लोकांच्या दारातले उतारे उचलले मी, आणि आता स्वतः भाताचं ताट घेऊन उभा राहू? तेजल, तू शिकलेली मुलगी ना?"

"शिकलेली आहे, आई पण आहे!" माझा आवाज कुठल्या कुठे गेला. "तुमचं तत्त्व तुमच्यापाशी ठेवा बाबा! त्या तत्त्वापायी माझी पोर एक दिवस सायकलखाली जाईल. भूत नाही ना, मग एक ताट धरायला काय जातंय तुमचं?"

जिन्यावरून मैत्रीचा आवाज आला. ती केव्हापासून तिथं बसली होती कुणास ठाऊक. इंग्रजीत म्हणाली, "त्यानं काही होणार नाही. आजोबांनाही ती खरी वाटते."

"काय?" आम्ही तिघंही एकदम.

"त्यांनी माझा हात धरला होता. तो थरथरत होता. ते रडत होते."

बाबा खाली बसले. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "तो परत आलेला आवाज ना... ललितासारखा वाटला मला."

मला एकदम भरून आलं, आणि त्याच क्षणी उपायही सुचला. मी त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "बाबा, मग तिला तेवढंच सांगा ना. आजी होती म्हणा. आजीला कोण घाबरतं? आत्ता उठून ओ देईल ती."

"खोटं सांगू पोरीला?"

"हो! एकदा सांगा!"

"नाही," बाबा म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. ओट्यावरचं पातेलं सिंकमध्ये आपटलं. कुणाच्या नशिबी खाष्ट सासरे येतात, कुणाच्या कजाग, माझ्या नशिबी हे खरं बोलणारे! मी बाहेर आले तेव्हा ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते, आणि मैत्री दोन पायऱ्या वर.

"ती आजी नव्हती," ते तिला सांगत होते. "माझाच आवाज होता, डोंगरावर आपटून आलेला. मला माहीत होतं. पण मला वाटलं, ती असावी. फार वाटलं. म्हणून हात थरथरला. मी घाबरलो नव्हतो बेटा. घाबरलो असतो तर बरं झालं असतं."

मैत्रीनं विचार केला, मग इंग्रजीत विचारलं, "म्हणजे तुम्हाला भूत हवं होतं?"

"हो," बाबा म्हणाले. "एकच."

मैत्री उठली, जेवली आणि झोपली. मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला ती बाबांचे बूट घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. मीही निघाले, ती सायकलवर, आम्ही दोघं पायी. आमच्या वाटेवर रेल्वेखालून सायकलींचा बोगदा जातो. गेले काही आठवडे मैत्री तिथून जातच नव्हती, आवाज घुमतो म्हणून. मी तिला रोज लांबच्या रस्त्यानं नेत होते आणि रोज कामाला उशिरा पोचत होते. आज ती सरळ आत शिरली, पार पलीकडच्या टोकाला जाऊन सायकलवरून उतरली आणि इंग्रजीत ओरडली, "आता मला बोलवा!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बोलवा ना! माझ्याकडे काय बघताय?"

"मैत्री!" बाबांनी हाक मारली. बोगद्यानं ती भिंतीभिंतीवर घुमवली. आवाज पार विरला. मग तिकडून स्वच्छ आलं, "या!"

त्या एका डच होकारासाठी मी किती दिवस झुरत होते. मला रडूच फुटलं, तिथल्या तिथे, येणाऱ्याजाणाऱ्या सायकलवाल्यांसमोर.

"नाऊ आजी!" मैत्री ओरडली.

एक बाई सायकलवर दोन पोरं घेऊन गेली, ती पोरं वळून बघत होती. बाबांनी घसा खाकरला.

"ललिता!"

बोगद्यानं तेही परत दिलं, एकदा, दोनदा, मग थांबलं. बाबा जमिनीकडे बघत उभे राहिले. मला त्या पोरीचा असा राग आला, की कशाला बोलवायला लावलंस म्हाताऱ्याला.

आणि तेवढ्यात पलीकडच्या टोकावरून, चक्क मराठीत, कमरेवर हात ठेवून, खणखणीत:

"आले हो, आले! काय जीव घेता का?"

बाबांनी भिंतीला हात टेकला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"सावकाश ये," ते म्हणाले. "घाई नाही."